गावचं मेडिकल: दर्जा आणि सुरक्षिततेच्या कामाच्या नोंदी, 2025

3 एप्रिल

ग्रामसंघाच्या बैठकीत काम ठरलं. दुकान बचत गटांच्या ग्रामसंघाचं आहे, गाव बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं. औषधविक्रीचे नमुना 20 आणि 21 चे परवाने भिंतीवर आहेत, शेजारी माझं फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र. किरकोळ दुकानाला दहा चौरस मीटर जागा लागते, तेवढी आहे, फक्त अर्ध्या जागेत खोकी. कागदोपत्री काही अडत नाही. बघायचं आहे ते दोनच गोष्टींचं: आपल्याकडे आलेली गोळी गिऱ्हाइकाच्या तोंडात जाईपर्यंत चांगली राहते का, आणि एखादा माल खराब निघाला तर तो कुणाकुणाच्या घरी गेला हे सांगता येईल का.

अध्यक्ष मावशींनी वही पुढे सरकवली. "समदं लिहून ठेव गं माय. उद्या तुझं लगीन होऊन तू गेलीस तर पुढच्या पोरीला कुठून कळायचं?"

आज तीन थर्मामीटर टांगले: वरच्या फळीवर, काउंटरच्या उंचीवर, खालच्या कप्प्यात. दुपारी तीनला वर 39, मध्ये 36, खाली 34. छत पत्र्याचं. आपल्या बहुतेक स्ट्रिपांवर "30 अंशांखाली ठेवा" असं छापलेलं असतं.

9 एप्रिल

कालपासून एकच प्रश्न सगळे विचारतायत: मग इतकी वर्षं आम्ही खराब गोळ्या खाल्ल्या का? तसं सरसकट म्हणता येत नाही. आपल्याकडे औषध किती टिकतं ते कंपन्या 30 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत दीर्घकाळ ठेवून तपासतात, शिवाय 40 अंश आणि 75 टक्क्यांत सहा महिने ठेवूनही बघतात. म्हणजे चार दुपारी तापल्याने पॅरासिटामॉलचं विष होत नाही. पण एक्स्पायरीची तारीख ही त्या ठेवणीच्या अटीवर दिलेली हमी असते. दोन-तीन उन्हाळे वरच्या फळीवर भाजलेल्या मालावर ती तारीख नुसती छापलेली उरते.

उपाय स्वस्तातलेच. पत्र्याला बाहेरून चुना मारला. वर तुराट्यांचा थर टाकावा असं दोघा-तिघांनी सुचवलं, घरांवर टाकतातच, पण दुकानात स्पिरिट आणि कापूस आहे, मीटरची वायर पत्र्यालगत आहे, म्हणून नको म्हटलं. आतून थर्माकोलऐवजी जिप्समचं छत, उष्ण हवा ओढायला एक्झॉस्ट पंखा. वरच्या दोन फळ्या रिकाम्या करून तिथे फक्त बँडेज, कापूस, डायपर.

एका दात्याने कूलर देऊ केला होता. ग्रामसंघात त्यावरून नाराजी झाली, फुकट मिळणारी वस्तू कोण सोडतं! पण कूलर हवा थंड करतो ती ओलावा घालून. ॲस्पिरिन दमट हवेत फुटून त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड या अँटिबायोटिकच्या गोळ्या ओल धरतात आणि त्यातलं क्लॅव्हुलॅनिक आधी मरतं. कूलर अंगणवाडीला दिला, मुलं तरी झोपतील.

22 एप्रिल

छताचं काम झाल्यावर दुपारचं मधलं रीडिंग 31-32. अजून दोन अंश वर आहे. खालच्या कप्प्यात 29 मिळतं, म्हणून उष्णता न सोसणारा माल तिथे हलवला.

आजचा दिवस फ्रिजचा. घरगुती फ्रिज आहे, त्यात इन्सुलिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, काही डोळ्यांचे थेंब. इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात आणि उन्हाइतकाच त्याचा दुसरा वैरी बर्फ आहे. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून दिसायला स्वच्छही दिसेल, काम मात्र भरवशाचं राहत नाही. पहाटे बर्फकप्प्याच्या लगेच खाली शून्याच्या आसपास रीडिंग आलं. तो कप्पा आता रिकामा. दारातही काही ठेवायचं नाही, दार उघडलं की तिथला पारा आधी चढतो. मधल्या कप्प्यात जाळीच्या टोपलीत औषधं, तळाला पाण्याने भरलेल्या बाटल्या, म्हणजे लाईट गेली तरी गारवा जास्त वेळ धरतो. या बाटल्यांतलं पाणी प्यायचं नाही. दूध, दही, बैठकीचं थंड पाणी, काहीही आत ठेवायचं नाही. शेवटच्या नियमावर सर्वांत जास्त वाद झाला.

फ्रिजवर वही बांधली: सकाळ-संध्याकाळ कमाल, किमान, सही. रीडिंग चुकीचं आलं तरी खरंच लिहायचं. सगळ्या ओळींत "4" लिहिलेली वही मी शिकाऊ असताना एका दुकानात पाहिली होती, फ्रिज बंद होता त्या आठवड्यातसुद्धा 4.

6 मे

शेड्यूल एच-1 चं, म्हणजे चिठ्ठीवरच देऊन नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीचं, रजिस्टर आजपासून काटेकोर. ही यादी 2014 च्या मार्चपासून लागू आहे: वरच्या पिढ्यांची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, झोपेच्या आणि सवय लागणाऱ्या काही गोळ्या. लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या. वही तीन वर्षं जपायची.

नियम सगळ्यांना माहीत असतो. अवघड असतं ते नाही म्हणणं. आज एक दादा आले, "दोन सेफिक्झिम द्या, घसा धरलाय, सांच्याला पंगत हाय." याच यादीतलं अँटिबायोटिक, आणि चिठ्ठी नाही. दोन गोळ्यांनी घसाही बरा होत नाही आणि उरलेले जंतू त्या औषधाला ओळखून घेतात, हे सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी दुकान चालवायलाव का शाळा?" आणि गाडीला किक मारून तालुक्याला गेले. तिथे त्यांना ती मिळाली असणार.

आणखी एक. मी गावाबाहेर असताना काउंटरवरच्या ताईंनी चिठ्ठीचं औषध द्यायचं नाही. फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे ते काम नोंदणीकृत फार्मासिस्टचंच. मी नसताना ती कपाटं कुलूपबंद, समोर ओआरएस, बँडेज, सॅनिटरी पॅड असलं उघडं. मावशींनी हिशेब मांडला की यात गल्ला घटेल. घटेलच. ग्रामसंघाने हा तोटा आधीच धरून चालावं असं मी लेखी मागितलं आणि ठराव झाला. दर्जाच्या गप्पा मारताना पैशाचा ठराव आधी करून घ्यावा असं माझं मत आहे, नाहीतर जून महिन्यात पेरणीच्या तोंडावर पहिली कात्री इथेच लागते.

28 मे

मान्सून यंदा मे महिन्यातच आला. माल आणायला जाताना रस्त्यात भिजलो.

खरेदीचा नियम: परवाना क्रमांक (20-बी, 21-बी) छापलेल्या होलसेलरकडूनच, पक्क्या बिलावर, बिलात प्रत्येक ओळीला बॅच आणि एक्स्पायरी. आजच एका ठिकाणी ऑफर आली: दहावर चार फुकट, आणि बिल नको असेल तर आणखी कमी. गोळीच्या पाकिटावर किंमत नव्वद, आम्हाला पडणार चौदाला. किमतीतली ही दरी एवढ्यानेच माल खोटा ठरत नाही, ब्रँडेड जेनेरिकच्या धंद्यात ती रोजचीच आहे. पण बिल नसलेला डबा म्हणजे बेवारस डबा. उद्या त्यात काही निघालं तर परत कुणाला करणार? नाही घेतला.

माल उतरवताना आता डब्यावरची बॅच आणि बिलावरची बॅच जुळवून टिक करतो. स्टॉकिस्टचा पोरगा वैतागतो, त्याला चहा पाजला की थांबतो.

17 जून

सुटी गोळी.

शहरात बसून कुणी म्हणेल की पूर्ण स्ट्रिपच विका. इथे मजुरीचा दिवस भरला तर तीन गोळ्यांचे पैसे असतात. सुटी गोळी विकणं थांबणार नाही, म्हणून ती नीट विकायची कशी हे ठरवलं.

स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच आणि तारीख असते. बहुतेक दुकानांत हाताला येईल त्या टोकाने कातरतात, मग उरलेल्या तुकड्याला ना नाव ना तारीख. आपल्याकडे यापुढे तारखेचं टोक शेवटपर्यंत राखायचं. कातरलेला भाग कागदी पाकिटात, पाकिटावर औषधाचं मूळ नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी, रुग्णाचं नाव. कात्री फॉइलच्या फोडाला लागता कामा नये. फोड उघडा पडला की गोळी हवेवर आली. बाटलीतल्या सुट्या गोळ्या पुडीत बांधणं बंद.

वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर शिक्के करून घेतले: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. जेवणाआधी रिकामं ताट, जेवणानंतर भाकरी असलेलं ताट. भाकरीचा शिक्का इतका गोल आला की एका आजीने पौर्णिमेला घ्यायची गोळी समजली. शिक्का बदलायला दिला, भाकरीवर कांदा काढायला सांगितलंय.

लेकरांच्या कोरड्या सिरपचंही इथेच लिहिते. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत, आधी अर्धं, हलवायचं, फेस बसला की उरलेलं. हे मी काउंटरवरच करून देते, कारण घरी गेल्यावर कुणी खुणेच्या वर भरतं, कुणी दर वेळी चमचाभर पावडर काढून पाण्यात कालवतं. बाटलीवर तयार केल्याची तारीख आणि "सात दिवसांनी फेकणे".

11 जुलै

पाऊस, ओले कपडे, नायटा. या महिन्यात दुकानात सगळ्यात जास्त मागणी एका ट्यूबची असते. नाव घेत नाही, अशा पुष्कळ आहेत: एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड. लावलं की दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, म्हणून सोनं वाटतं. पण लाली ही शरीराने बुरशीशी केलेली झटापट असते. स्टेरॉइड ती झटापट थांबवतं आणि बुरशी आत पसरत जाते. मग कडा पुसट झालेले, कंबरेपासून मांडीपर्यंत गेलेले चट्टे, ज्यांना बघून त्वचेच्या डॉक्टरलाही पटकन निदान करता येत नाही. जांघेत कातडी पातळ होऊन पांढरे चिरे पडतात, ते जात नाहीत. आणि ट्यूब घरात एकच, सगळ्यांत फिरते.

2018 पासून अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी येणारा माणूस रिकामं झालेलं खोकं पुढे करतो, "हेच द्या." मला वाटतं गावच्या मेडिकलने एकच नियम पाळायचा ठरवलं तर हा पाळावा, अँटिबायोटिकच्याही आधी. कारण इथे दुकानदारच डॉक्टर झालेला असतो. चिठ्ठी लिहिणारा कुणी नसतोच.

आता त्या ट्यूबा बंद कपाटात. बुरशीचं साधं मलम, क्लोट्रिमाझोल, पुढे. सोबत सांगायचं: चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं, चट्ट्याच्या बाहेर बोटभर लावायचं, घरात ज्यांना आहे त्या सगळ्यांनी एकदम लावायचं, कपडे उन्हात उलटे करून वाळवायचे. ऊन कुठंय, असं एका वहिनींनी विचारलं. बरोबर आहे. मग इस्त्री.

साध्या मलमाला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढा दम लोक धरत नाहीत. विक्री पडली. चेहऱ्यावर गोरं दिसायला तीच ट्यूब लावणाऱ्या दोन मुली मात्र आईला घेऊन बोलायला आल्या. त्यांना अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातल्या त्वचा विभागात पाठवलं. अशी ट्यूब महिनोन्महिने लावून एकदम सोडली की चेहरा भडकतो, ते आधीच सांगून ठेवलं.

22 ऑगस्ट, पोळा

सकाळी एक काका बैलासाठी "माणसाचं दुखायचं इंजेक्शन" मागायला आले, बैल लंगडत होता आणि मिरवणूक संध्याकाळी. डायक्लोफेनॅक. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात 99 टक्क्यांहून जास्त घटली ती यामुळे. माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीही 3 मिलीच्या एका मात्रेपुरतंच पॅकिंग ठेवलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गिधाड बघून मला तीस सालं झाली." पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलॉक्सिकॅम मिळतं, ते गिधाडांना सुरक्षित आहे; तिथल्या डॉक्टरांना फोन लावून दिला. बैल मिरवणुकीत चालला की नाही ते विचारायचं राहिलं.

26 सप्टेंबर

मांजरेला पूर. धरणाचे दरवाजे उघडलेले, शेतं पाण्याखाली, सोयाबीन गेलं. वीज परवा रात्रीपासून नाही. दुकान उंचावर आहे तरी मागच्या भिंतीतून पाणी झिरपलं आणि खालच्या कप्प्यातली खोकी भिजली. एप्रिलमध्ये उष्णतेपायी माल खाली आणला, सप्टेंबरमध्ये पाण्यापायी वर न्यायचा. पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा रॅक वेगळा लावायचा, हे वहीत ठळक लिहिलं.

इन्सुलिन: फ्रिज न उघडता पहिली रात्र निघाली, सकाळी 9 अंश. थर्माकोलच्या पेटीत हलवलं, जेल पॅक फडक्यात गुंडाळून, बाटलीला थेट लागू न देता. आज जेल पॅकही वितळले. पण बाहेर पाऊस आहे, खोलीत 26. सीलबंद इन्सुलिन 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं, म्हणून फेकलं नाही. प्रत्येक खोक्यावर "बाहेर काढलं 26/9" लिहिलं. 24 ऑक्टोबरच्या आत वापरायचं, पुन्हा फ्रिजमध्ये गेलं तरी तारीख तीच धरायची. घेणाऱ्यांना हे तोंडी सांगून वहीत सही.

भिजलेल्या स्ट्रिपांचा प्रश्न. "आतून कोरड्याच हायेत की," सगळे म्हणाले. पुराचं पाणी लागलेलं काहीही विकायचं नाही, फॉइल धड दिसलं तरी. पोत्यात भरून वर "विक्रीसाठी नाही", वेगळ्या खोलीत. जाळायचं नाही, ओढ्यात तर मुळीच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीने जाईल. नुकसान ग्रामसंघाच्या खात्यावर.

ओआरएस संपत आलंय. एक पुडी एक लिटरला असते. लोक पेल्यात अर्धी टाकतात, ते द्रावण घट्ट होतं आणि लेकराचे जुलाब वाढवू शकतं. पुडीसोबत रिकामी लिटरची बाटली द्यायला सुरुवात केली. पाणी उकळून गार केलेलं, द्रावण 24 तासांनी फेकायचं.

6 ऑक्टोबर

मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपने गेली. मूत्रपिंड बंद पडून. कोल्ड्रिफ, बॅच एसआर-13, तमिळनाडूत बनलेलं. तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48 टक्क्यांवर. मर्यादा 0.1 टक्का. आपल्या अन्न व औषध प्रशासनाचाही या बॅचबद्दल इशारा आला आहे.

आपल्याकडे ते सिरप कधीच आलं नव्हतं, बिलं काढून खात्री केली. सकाळपासून आया बाटल्या घेऊन येतायत: "ताई, हे चालंल का?" यातलं खोटं मला बघून कळत नाही. डायइथिलीन ग्लायकॉल गोड असतं, रंग नाही, वास नाही. तेच तर त्याचं काम, ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या जागी खपून जाणं. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असल्याच भेसळीच्या ग्लिसरीनने 14 माणसं गेली आणि चौकशीला लेंटिन आयोग बसला. तेव्हाही ते औषध हातात धरून कुणाला ओळखता आलं नव्हतं. ते काम कारखान्याने कच्च्या मालाचा प्रत्येक ड्रम तपासायचं आहे. दुकानाच्या हातात उरतं ते एवढं: कुठून घेतलं, कुणाला दिलं, आणि इशारा आला की किती तासांत परत गोळा करता येईल.

म्हणून दुपारी तालीम घेतली. ऑगस्टमध्ये आलेल्या एका खोकल्याच्या सिरपची बॅच निवडली, समजा हीच खराब. 40 बाटल्या आलेल्या. 9 रॅकवर, त्या लगेच बाजूला निघाल्या. उरलेल्या 31 पैकी बिलावर नाव असलेल्या 19. बाकीच्या 12 "रोख", नाव नाही. ताईंनी आठवून आठवून पाच घरं सांगितली, गाव लहान असल्याचा तेवढा फायदा. सात बाटल्या कुठे गेल्या ते कुणालाच सांगता आलं नाही. काही पाकिटांवर क्यूआर कोड असतो (2023 च्या ऑगस्टपासून 300 ब्रँडना सक्तीचा), तो स्कॅन केला की बॅच आणि कंपनी कळते. कुणाच्या घरात आहे ते कळत नाही.

आजपासून लेकरांचं कुठलंही द्रव औषध नाव आणि मोबाइल नंबर लिहिल्याशिवाय काउंटरवरून उतरणार नाही. दोन वर्षांखालच्या लेकराला खोकल्याचं किंवा सर्दीचं सिरप द्यायचंच नाही, केंद्राच्या आरोग्य खात्याची 3 ऑक्टोबरची सूचनाही तीच आहे. पाचच्या आतल्यांना सहसा नाही, डॉक्टरांनी लिहिलं तरच. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या सर्दीच्या औषधांच्या जोडीवर तर चार वर्षांखाली देऊ नये अशी ताकीद 2023 पासून आहे.

एका आजोबांनी विचारलं, मग लेकरू खोकत राहू द्यायचं का? श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढल्या, दूध प्यायचं बंद केलं तर लगेच दवाखाना. एरवी कोमट पाणी पाजायचं, नाक साफ ठेवायचं. वर्षाच्या आतल्याला मध नाही.

25 ऑक्टोबर

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. कारखान्यांचं गाळप 1 नोव्हेंबरपासून. निम्मं गाव पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, मार्चपर्यंत. आपल्या बीपी-शुगरच्या रुग्णांपैकी बरेच यात जातात आणि पाच महिन्यांनी परत येतात ते गोळी सोडून. फडावर जवळ दुकान नसतं, असलं तर वेगळ्या नावाची गोळी देतं, मग लोक ती आपली समजत नाहीत.

चालू चिठ्ठी असलेल्यांना तीन महिन्यांचा माल एकदम, अखंड स्ट्रिपा, एक्स्पायरी एप्रिल 2026 च्या पुढचीच. हप्त्याने पैसे, जामीन गट. सोबत पुठ्ठ्याचं कार्ड: औषधाचं मूळ नाव, ताकद, वेळेचा शिक्का, दुकानाचा फोन. क्षयाच्या रुग्णांचं औषध सरकारी केंद्रातून असतं. त्यांची नोंद कारखान्याजवळच्या केंद्राकडे वळवायला आरोग्य सेविकेला यादी दिली.

इन्सुलिन घेणारे तिघं आहेत. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, फ्रिज कुठला. चालू बाटली चार आठवड्यांत संपते, तेवढ्यापुरतं माठाचं जमतं: मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान भांडं, बाटली प्लास्टिकच्या डबीत, वर ओलं फडकं, सावलीत. नोव्हेंबर ते जानेवारी अडचण नाही. फेब्रुवारीअखेर ऊन चढल्यावर मात्र एका वेळी एकच बाटली जवळ ठेवायची, दुसरी मुकादमाच्या ओळखीने कारखान्याच्या दवाखान्यात. मुकादमांशी अध्यक्ष मावशीच बोलल्या, माझं त्यांनी ऐकलं नसतं.

8 नोव्हेंबर

सिरपची तालीम पुन्हा, दुसरी बॅच. 24 पैकी 22 सापडल्या. दोन बाटल्यांवरचे नंबर बंद, ती माणसं फडावर.

इन्व्हर्टरचं कोटेशन आलं, फ्रिजपुरतं. पुढच्या बैठकीत ठेवते. कांद्याच्या भाकरीचा शिक्का आला, आजीला दाखवला, तिने बरोबर ओळखला आणि विचारलं की ठेचा का नाही काढला.